जन्मजात प्रतिकाराचे शिक्षण : एक प्रस्तावना

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. एकेका रोगजंतूची नेमकी ओळख पटवून केवळ त्याच्यापुरते प्रतिपिंड घडवणाऱ्या, आणि ती ओळख वर्षानुवर्षे जतन करणाऱ्या, ज्या लसिकापेशींच्या भरवशावर मनुष्यजातीने देवीचे उच्चाटन केले व पोलिओला हद्दपार करत आणले, त्या पेशी या कवचधारी जीवाला निसर्गाने दिलेल्याच नाहीत. आणि असे असूनही, विषाणू, जीवाणू व बुरशी यांनी भरलेल्या खाडीच्या गढूळ पाण्यात, तिवरांच्या मुळ्यांच्या आडोशाने, तिची पिल्ले अनादि काळापासून वाढत आलेली आहेत. मिठागरे आणि वसईची खाडी यांच्या शेजारात वसलेल्या खारीसारख्या गावी, जिथे भरतीओहोटीच्या वेळा पंचांग न उघडता सांगणारी माणसे अजून आहेत आणि जिथे कोळंबी व जवळा यांवाचून स्वयंपाकघराचा महिना सरत नाही, तिथे बसून जन्मजात प्रतिकारशक्तीविषयी लिहिताना या प्राण्यापासून आरंभ करणे मला उचित वाटले. कारण मनुष्यदेहात दोन व्यवस्थांच्या गुंत्यात जे झाकून जाते ते कोळंबीत उघडे दिसते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पूर्व आशियातील कोळंबी-तळ्यांत एक विषाणू उद्भवला आणि १९९४च्या सुमारास तो भारताच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचला. या रोगाने मेलेल्या कोळंबीचे पाठीवरचे कवच सोलून उजेडात धरले असता त्याच्या आतल्या बाजूस पांढरे, वाटोळे ठिपके दिसतात, आणि ते दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत सबंध तळे रिकामे होण्याची वेळ येते. औषध नाही, आणि प्रतिपिंडे नसल्यामुळे नेहमीच्या अर्थाने लसही नाही, अशा या संकटात संशोधकांनी एक वेगळा मार्ग धरला: यीस्ट व बुरशी यांच्या पेशीभिंतीतून बीटा-ग्लुकान नावाची बहुशर्करा काढून ती कोळंबीच्या खाद्यात मिसळायची, आणि काही काळाने तिला विषाणूच्या हवाली करून किती जगतात ते मोजायचे. जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले. कोचीन विद्यापीठातील संशोधकांनी सागरी यीस्टपासून काढलेले ग्लुकान पांढऱ्या कोळंबीला निरनिराळ्या मात्रांत व निरनिराळ्या अंतराने देऊन पाहिले, तेव्हा रोज देण्यापेक्षा सात दिवसांतून एकदा दिलेले ग्लुकान अधिक गुणकारी ठरले. विषाणूशी ज्याचा रासायनिक संबंध नाही असा एक नैसर्गिक पदार्थ, आधी दिला असता, पुढे येणाऱ्या विषाणूविरुद्ध शरीराला तयार करतो, परंतु तोच पदार्थ अखंड देत राहिल्यास त्याचा लाभ ओसरतो: या एका निष्कर्षात प्रस्तुत विषयाचे बीज आहे, आणि त्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे मी वाचकाला आरंभीच सांगून ठेवतो.

ज्याला आपण जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतो तिच्यात त्वचा व श्लेष्मल आवरणे आहेत, रक्तातील कित्येक प्रथिने आहेत, विषाणू पेशीत शिरताच सोडले जाणारे इंटरफेरॉन आहेत, आणि मुख्यतः भक्षकपेशी आहेत. पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या असे शिकवले गेले की ही यंत्रणा त्वरित धावते, पण आंधळेपणाने धावते. तिला शत्रूची निवड करता येत नाही आणि झालेल्या लढ्याची आठवण राहत नाही. आठवण हा केवळ अर्जित प्रतिकारशक्तीचा, म्हणजे लसिकापेशींचा, अधिकार आहे. हे मत बदलण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

भक्षकपेशींचा शोध एल्ये मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे लावला. समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. तारामासाही कोळंबीप्रमाणेच प्रतिपिंडांवाचून जगणारा जीव, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. या मेचनिकॉव्हचा ओडेसा येथील विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. आणि १८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान मांडले तेव्हा सरकारच्या पाचारणावरून तो मुंबईस आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्याने प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलवलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव दिले गेले. गुरूने भक्षकपेशी शोधली, शिष्याने नेमकी ओळख शिकवणारी लस दिली. आणि लसींच्या दिग्विजयामुळे पुढील काळात शिष्याचा मार्ग राजमार्ग झाला व गुरूची भक्षकपेशी मागे पडली. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि प्रतिपिंडांचा पुरस्कर्ता पॉल एर्लिख या दोघांना विभागून मिळाले होते, तरी व्यवहारात दीर्घ काळ एर्लिखच्याच पक्षाचा अंमल राहिला. त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही, कारण लसींनी वाचवलेले जीव डोळ्यांसमोर आहेत. पण सत्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा अभ्यास राहून गेला, एवढे खरे.

तो अभ्यास पुन्हा सुरू होण्यास क्षयरोगाची लस निमित्त झाली. बी.सी.जी. ही लस १९२१ साली प्रथम वापरली गेली आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच भारतात तिची देशव्यापी मोहीम सुरू झाली. खांद्यावरचा तो वाटोळा व्रण आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगावर आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात पीटर आबी या डॅनिश संशोधकाच्या चमूने कमी वजनाच्या नवजात अर्भकांना ही लस जन्मतःच दिली असता त्यांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू घटल्याचे पाहिले. आता पहिल्या महिन्यात अर्भके क्षयाने मरत नाहीत. ती मरतात रक्तदोषाने व श्वसनमार्गाच्या संसर्गाने. म्हणजे क्षयाची लस क्षयाव्यतिरिक्त इतर रोगांना अटकाव करीत होती, आणि नेमकी ओळख व नेमके प्रतिपिंड या सिद्धांतात या घटनेला जागा नव्हती.

ती जागा २०११ साली नेदरलँड्समधील नायमेखेन येथील मिहाई नेतेआ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी करून दिली. जन्मजात प्रतिकारपेशींनाही एक प्रकारची स्मृती असते, एका उत्तेजकाशी गाठ पडल्यानंतर त्या पुढील, अगदी वेगळ्या, शत्रूला अधिक जोमाने प्रत्युत्तर देतात, असे प्रतिपादन करून त्यांनी या गुणधर्माला नाव दिले, ज्याला आपण मराठीत 'प्रशिक्षित प्रतिकारशक्ती' म्हणू. हे प्रतिपादन ज्या प्रयोगावर उभे आहे तो जवळून पाहण्याजोगा आहे. निरोगी माणसाच्या रक्तातून एककेंद्रक पेशी, म्हणजे भक्षकपेशींचाच एक प्रकार, वेगळ्या काढतात, त्या लहान लहान खळग्यांच्या तबकडीत घालतात आणि त्यांच्यावर बीटा-ग्लुकान सोडतात. चोवीस तासांनी ग्लुकान धुऊन टाकतात. मग सुमारे सहा दिवस त्या पेशींना काहीही न देता नुसते राहू देतात, आणि त्यानंतर अगदी वेगळा उत्तेजक, उदाहरणार्थ जीवाणूच्या आवरणाचा अंश, त्यांच्यापुढे ठेवतात. ज्या पेशींनी पूर्वी ग्लुकान पाहिले होते त्या, न पाहिलेल्या पेशींच्या तुलनेत, संदेशवाहक प्रथिने कितीतरी अधिक प्रमाणात सोडतात. येथे मर्म आहे ते त्या मधल्या सहा दिवसांच्या विश्रांतीत. पदार्थ समोर असताना पेशी उद्दीपित होणे वेगळे, आणि पदार्थ गेल्यानंतर, पेशी शांत झाल्यानंतरही, तिच्या अंगी पूर्वतयारी शिल्लक राहणे वेगळे. शिक्षण म्हणावयाचे ते केवळ दुसऱ्यास.

ही पूर्वतयारी कुठे साठते, याचा उलगडाही झाला आहे. भक्षकपेशीच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचे ग्राहक प्रथिन असते व ते बुरशीच्या ग्लुकानास धरते, बी.सी.जी.च्या बाबतीत पेशीच्या आत असलेले एन.ओ.डी.-२ हे दुसरे ग्राहक हेच काम करते. या पकडीतून निघालेला संदेश पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो आणि तिथे, जनुकांचा धागा ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर, रासायनिक खुणा उमटतात. जुन्या मामलेदार कचेरीतील दफ्तरखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल: सगळे कागद रुमालांत बांधून फडताळावर असतात, पण ज्या प्रकरणाचा तगादा एकदा येऊन गेला त्याचा रुमाल शहाणा कारकून पुन्हा घट्ट बांधत नाही, खुणेची चिठ्ठी लावून हाताशी ठेवतो, आणि पुढच्या वेळी कागद क्षणात निघतो. जनुकांची अक्षरे बदलत नाहीत. कोणती जनुके हाताशी ठेवायची एवढेच बदलते. याच वेळी पेशीच्या उदरभरणाची रीतही पालटते, ती शर्करेचे जलद विघटन करून ऊर्जा मिळवू लागते, आणि या पालटाचीच काही उपउत्पादने हिस्टोनवरील खुणा टिकवण्यास हातभार लावतात.

एक शंका मात्र राहते, आणि ती चाणाक्ष वाचकाच्या मनात आलीच असेल. एककेंद्रक पेशी रक्तात फार तर एक ते तीन दिवस जगते, मग बी.सी.जी. टोचल्यानंतर तीन महिन्यांनी, क्वचित वर्षानेही, हा परिणाम दिसावा कसा? उत्तर अस्थिमज्जेत सापडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासांत असे दिसून आले की बीटा-ग्लुकान व बी.सी.जी. यांचा ठसा मज्जेतील जनक पेशींवरच उमटतो, आणि त्यांच्यापासून पुढे जन्मणाऱ्या भक्षकपेशी शिकूनच बाहेर पडतात. कुळाचा संस्कार कुळातील प्रत्येक नव्या जीवाला मिळावा, तसे हे आहे, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो, कारण हा संस्कार कायमचा नाही. मुदत संपली की तो पुसट होतो.

आता विषाणूंकडे. त्याच २०१८ साली नायमेखेनच्या चमूने निरोगी स्वयंसेवकांचे दोन गट करून एकाला बी.सी.जी. व दुसऱ्याला निष्क्रिय द्रव टोचला, आणि महिनाभराने दोघांनाही पीतज्वराची लस दिली. ही लस म्हणजे दुर्बल केलेला जिवंत विषाणूच असल्याने तिचा रक्तातील प्रादुर्भाव मोजता येतो. बी.सी.जी. घेतलेल्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण कमी आढळले, आणि ज्यांच्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन अधिक सोडत होत्या त्यांच्यात ते विशेष कमी. माणसाच्या जन्मजात प्रतिकाराला शिकवून विषाणूस आळा घालता येतो, याचा इतका स्वच्छ पुरावा त्यापूर्वी नव्हता. ग्रीसमध्ये पासष्टीपुढील रुग्णांवर केलेल्या आणि दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्क्रिय द्रव घेतलेल्यांपैकी ४२.३ टक्के लोकांना नवा संसर्ग झाला, तर बी.सी.जी. घेतलेल्यांपैकी २५ टक्क्यांना, आणि हा लाभ विशेषतः विषाणुजन्य श्वसनसंसर्गांत दिसला. कोविडच्या साथीत या आशेने जोर धरला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली साठीपुढील व्यक्तींवर हाती घेतलेल्या चाचणीच्या केंद्रांत मुंबईही होती. परंतु पाच देशांतील सुमारे ४,००० आरोग्यसेवकांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बी.सी.जी.मुळे लक्षणांसह होणारा कोविड घटला नाही. हा निकाल निराशाजनक असला तरी मी तो येथे मुद्दाम नोंदवतो. वयोगट वेगळा, विषाणू वेगळा, समाजात पूर्वीपासून असलेला क्षयजंतूंचा संपर्क वेगळा, की निकाल बदलतो. ज्या विद्येचे निकाल परिस्थितीनुसार बदलतात तिला घाऊक शिफारशींची घाई परवडत नाही.

येथवर आलेली नावे बहुतांशी परदेशी आहेत, आणि त्यामुळे वाचकाची अशी समजूत होण्याचा संभव आहे की या विचाराशी आपला संबंध केवळ ग्राहकाचा. वस्तुस्थिती तशी नाही. परळला हाफकिन संस्था ज्या आचार्य दोंदे मार्गावर आहे त्याच मार्गावर के.ई.एम. रुग्णालय व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेथील औषधशास्त्र विभागात १९८०च्या दशकात डॉ. शरदिनी डहाणूकर व डॉ. उर्मिला थत्ते यांनी एक प्रश्न हाती घेतला: आयुर्वेदात रसायन म्हणून सांगितलेल्या वनस्पती जंतूंना मारतात, की शरीराला बळ देतात? मराठी वाचकाला डहाणूकर या झाडाफुलांवर मनापासून लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत; त्यांचे प्रयोगशाळेतील काम त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ही उणीव दूर व्हावी ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. १९८८ साली या दोघींनी गुळवेल, अश्वगंधा, शतावरी व कुटकी यांची तुलना प्रयोगप्राण्यांत कशाशी केली? ग्लुकानाशी. कर्करोगावरील औषधाने पांढऱ्या पेशींचा जो ऱ्हास होतो तो या वनस्पती कितपत रोखतात, हे ग्लुकान व लिथियम कार्बोनेट यांच्या जोडीने त्यांनी मोजले, आणि सगळ्यांनीच तो कमीअधिक प्रमाणात रोखला. नायमेखेनच्या त्या तबकड्यांत ग्लुकान पडण्यापूर्वी जवळजवळ पाव शतक, परळमध्ये गुळवेलीला ग्लुकानाशेजारी उभे करण्याची बुद्धी झाली होती, हे मला अत्यंत मोलाचे वाटते.

पुढचा टप्पा तर रुग्णशय्येचा आहे. पित्तनलिका अर्बुदाने तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर रक्तदोष होऊन मृत्यू ओढवण्याचे प्रमाण भयंकर असे; शल्यविशारद डॉ. रवी बापट, डॉ. निर्मला रेगे, डॉ. डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीस रुग्णांचे दोन गट केले आणि तुंबलेले पित्त बाहेर काढण्याच्या काळात एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेलीचा अर्क, शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोस रोज १६ मिलिग्रॅम या प्रमाणात, तोंडावाटे दिला. १९९३ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: पित्तात जंतू दोन्ही गटांत जवळपास सारखेच सापडले; परंतु जंतू गिळण्याची व मारण्याची रक्तपेशींची क्षमता केवळ गुळवेल घेतलेल्यांत पूर्ववत झाली; रक्तदोषाची लक्षणे केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटातील निम्म्या रुग्णांत दिसली, गुळवेल घेतलेल्या गटात एकातही नाही; आणि शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात ४० टक्के, तर गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के होते. गट लहान होते, हे मान्य केले पाहिजे. पण जंतू तेवढेच राहून रुग्ण वाचतो, याचा अर्थ औषधाने काम जंतूवर न करता यजमानावर केले, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे भारतीय संशोधन विरळा. यापूर्वी उंदरांच्या उदरात जंतू घालून केलेल्या प्रयोगांतही याच चमूला आढळले होते की गुळवेलीचा अर्क तबकडीतील जंतूंना मारत नाही, आणि तरी उंदीर वाचतात.

खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच वेलीचे रसायन उकलले गेले. तेथील संशोधकांनी १९९९ साली गुळवेलीच्या खोडातील अरॅबिनोगॅलॅक्टन ही प्रतिकारपेशींवर कार्य करणारी बहुशर्करा वेगळी काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २००७ साली त्यांनी दाखवले की ती आधी टोचलेल्या उंदरांना जीवाणूच्या विषाने येणारा प्राणघातक धक्का सोसता येतो, कारण त्यांच्या शरीराचे दाहकारी प्रत्युत्तर मर्यादेत राहते. म्हणजे ग्लुकानाने शिकलेली पेशी अधिक जोराने उठते, तर येथे पूर्वपरिचयाने पेशी सौम्य झाली. जन्मजात प्रतिकाराला दोन्ही दिशांनी वळवता येते, आणि ज्याला आपण सरसकट 'शक्ती वाढवणे' म्हणतो त्यात या दोन परस्परविरुद्ध गोष्टी मिसळलेल्या असतात. कोविडमध्ये पुष्कळ रुग्ण प्रतिकार कमी पडल्याने नव्हे, तर अतिदाहाने दगावले, हे आठवले म्हणजे या भेदाचे गांभीर्य कळते. त्याचप्रमाणे, रक्तातील बिघडलेला, प्राणवायूने विकृत झालेला मेदही भक्षकपेशींना अशीच शिकवण देऊन रोहिणींच्या भिंतींतील दाह वाढवतो, असे आढळले आहे. शिक्षण नेहमी हितकारकच असते, असे नाही.

गुळवेल हे आमच्याकडे अपरिचित द्रव्य नाही. खारीत अजून उभ्या असलेल्या कडुनिंबांवर ती चढलेली आढळते: बोटाएवढे जाड, गाठाळ खोड, त्यावर कागदासारखा सुटणारा पापुद्रा, खाली लोंबणारी सुतासारखी बारीक मुळे, आडवे कापले तर छेदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. कापून कुंपणावर टाकलेला तुकडाही पावसाच्या हवेत पुन्हा पालवतो. तिचे सत्त्व काढण्याची घरगुती रीत अशी की खोडाचे तुकडे खरवडून, ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी हाताने चोळून चोथा काढायचा, पाणी निवळू द्यायचे, वरचे कडू पाणी ओतून टाकायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. हा साका मुख्यत्वे पिष्ट असतो. पाण्यात विरघळणारी द्रव्ये त्या ओतलेल्या पाण्याबरोबर गेलेली असतात. तेव्हा एका घरातला काढा, दुसऱ्या घरातले सत्त्व, बाजारातली गोळी आणि परळच्या रुग्णालयात मोजून दिलेला अर्क यांना एकच नाव असले तरी ती एकच वस्तू नव्हे.

२०२०च्या साथीत हा भेद कुणी पाहिला नाही. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली होती, लोकांनी त्यात आपापली भर घातली, आणि वस्तीतल्या कित्येक कडुनिंबांवरची गुळवेल मुळापर्यंत ओरबाडली गेली. सकाळ-संध्याकाळ, महिनोन्महिने, भीतीपोटी ती उकळून प्यायली गेली. भीती खरी होती, आणि भ्यालेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताचा तीव्र दाह झाला होता, आणि पुढील वर्षी देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा तपशील आला. त्यांपैकी पुष्कळांत शरीराने स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती दिसली. मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला, दुसऱ्याच जातीच्या वेलीशी गल्लत झाली असावी असे म्हटले, आणि हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही, कारण वेलीची ओळख पटवणे हे तज्ज्ञाचे काम आहे. तथापि ज्या द्रव्यात प्रतिकारपेशींना जागे करण्याचे सामर्थ्य आहे ते द्रव्य कुणाच्या तरी शरीरात नको त्या वेळी त्यांना जागे करील, ही गोष्ट मला आश्चर्याची वाटत नाही. उलट ते सामर्थ्य खरे असल्याची ती एक कडवट साक्ष आहे. ज्यांना स्वप्रतिकारजन्य व्याधी अथवा यकृताचा विकार आहे त्यांनी वैद्याच्या देखरेखीवाचून ती घेऊ नये, ही ताकीद पुढील प्रकरणांत जागोजाग आढळेल.

पोटातून दिलेल्या द्रव्याविषयीही असाच विवेक हवा. जवातील व ओटमधील बीटा-ग्लुकान आणि यीस्टमधील बीटा-ग्लुकान यांच्या शर्करांची जोडणी निराळी आहे, म्हणून एकाचे गुण दुसऱ्यावर चिकटवता येत नाहीत. जवातले ग्लुकान रक्तातील मेद उतरवण्यास उपयोगी पडते, तो गुण स्वतंत्र आहे. यीस्टचे ग्लुकानसुद्धा नायमेखेनच्याच संशोधकांनी स्वयंसेवकांना रोज १,००० मिलिग्रॅम याप्रमाणे सात दिवस तोंडावाटे देऊन पाहिले, तेव्हा ते रक्तात उतरल्याचे दिसले नाही आणि पेशींच्या प्रत्युत्तरातही फरक पडला नाही. हा निकाल २०१४ साली त्यांनीच प्रसिद्ध केला. ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांनीच तिची मर्यादा छापून जाहीर केली, हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या शोधाइतकाच आदरणीय वाटतो. हळद, तुळस, आवळा यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांचे गुण असतील ते असोत, पण दाह शमवणे किंवा जंतूंची वाढ रोखणे म्हणजे जन्मजात प्रतिकाराला शिकवणे नव्हे, म्हणून त्यांचा विचार या विषयात मी गौण मानतो.

मग गुळवेल शिकवते काय? परळच्या प्रयोगांनी तिचे उद्दीपन निःसंशय दाखवले, तुर्भ्याच्या प्रयोगांनी तिच्यातील एक कार्यकारी द्रव्य दाखवले, परंतु ती थांबवल्यानंतरही भक्षकपेशींत पूर्वतयारी शिल्लक राहते का आणि ती विषाणूविरुद्ध उपयोगी पडते का, या प्रश्नासाठी ते प्रयोग रचलेलेच नव्हते, कारण त्या वेळी तो प्रश्न जगात कुणीच विचारलेला नव्हता. आज तो विचारता येतो. वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळख पटवलेल्या वेलीचा, मोजलेल्या बहुशर्करेचा अर्क निरोगी स्वयंसेवकांना ठरावीक दिवस द्यावा. रोज एका गटाला, आठवड्यातून एकदा दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला निष्क्रिय द्रव्य. यकृताची तपासणी दर पंधरवड्यास व्हावी. मग सगळे बंद करून महिनाभर थांबावे, आणि त्यानंतर रक्त घेऊन एककेंद्रक पेशी विषाणूपुढे ठेवाव्यात व हिस्टोनवरील खुणा वाचाव्यात. यासाठी लागणारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि विद्वान मंडळी परळपासून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत, महाराष्ट्रातच आहेत, आणि वेल तर मुबलक आहे. पुढील प्रकरणे वाचताना एखाद्या तरुण अभ्यासकाने या चाचणीचा आराखडा करण्यास घेतला, आणि त्यात सात दिवसांतून एकदा औषध घेणारा गट ठेवण्यास तो विसरला नाही, तर कोचीनच्या त्या कोळंबीवरील कामाची दखल योग्य जागी घेतली गेली असे मी समजेन.

खारी, भाईंदर (पूर्व)